लेखापाल ते रेल्वेमंत्री : सुरेश प्रभू



कॉमर्स घेणाऱ्यांकडे आपल्या वेळी जरा कीव करूनच पाहिले जाई. सायन्सवाले डॉक्टर होणार आणि आम्ही तेरीज जुळवत बसणार! मी पुढे हिशेबाच्याच नोकरीत गेलो, म्हणून या स्मरणिकेसाठी एका लेखापालाची हकिकत निवडली.

सुरेश प्रभूंचा जन्म 1953 सालचा, मुंबईतला. सनदी लेखापालाच्या परीक्षेत ते देशात अकरावे आले. सारस्वत बँकेचे अध्यक्षपद सांभाळून 1996 मध्ये शिवसेनेतर्फे राजापूरहून लोकसभेत गेले. वाजपेयी सरकारात 2000 साली त्यांच्याकडे ऊर्जा खाते आले, तेव्हा राज्यांची वीज मंडळे तोट्यात बुडालेली होती. तयार झालेली वीज, विकलेली वीज आणि वसूल झालेले पैसे यांचा मेळच बसत नव्हता. प्रभूंनी नेमका तिथे हात घातला. 2001 मध्ये वीज विधेयक मांडले. पण ते मंजूर होण्याआधीच, ऑगस्ट 2002 मध्ये, पक्षाच्या आदेशावरून त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. कायदा झाला 2003 मध्ये. त्यानुसार 2005 साली आपले वीज मंडळ विभागले गेले आणि विसरवाडीतल्या बिलांवर ‘महावितरण’ हे नाव आले. बिल भरताना हे कुणाला आठवते?

नोव्हेंबर 2014 मध्ये ते भाजपमध्ये आले आणि रेल्वेमंत्री झाले. आपल्या गावाला रेल्वे नाही; गाडी धरायची तर खांडबारा किंवा नवापूर गाठायचे. त्यामुळे रेल्वे अर्थसंकल्प म्हटले की नवी गाडी, नवा थांबा, एवढेच आपण ऐकत असू. फेब्रुवारी 2015 च्या भाषणात प्रभूंनी एकही नवी गाडी जाहीर केली नाही. आहे त्या रुळांवर आधीच गर्दी, मग नव्या गाड्या धावणार कुठून? खासदार नाराज झाले. मला मात्र ते भाषण आवडले. त्याच काळात आपल्या उधना-जळगाव मार्गाचे दुपदरीकरण चालू होते, आणि खरी गरज तीच होती.

पैशासाठी त्यांनी आयुर्विमा महामंडळाशी पाच वर्षांत दीड लाख कोटींचा करार केला. 25 फेब्रुवारी 2016 रोजी त्यांनी मांडलेला रेल्वे अर्थसंकल्प शेवटचा ठरला. 1924 पासूनची वेगळ्या अर्थसंकल्पाची प्रथा त्यानंतर बंद झाली.

पण कौतुकाबरोबर नावेची बाजूही लिहिली पाहिजे. 2016-17 मध्ये रेल्वेला शंभर रुपये मिळवायला सुमारे 96 रुपये खर्च येत होता. ऑगस्ट 2017 मध्ये उत्तर प्रदेशात चार दिवसांत दोन गाड्या घसरल्या. खतौलीला वीसहून अधिक माणसे गेली. प्रभूंनी नैतिक जबाबदारी घेतली आणि सप्टेंबरमध्ये ते वाणिज्य खात्यात गेले. रेल्वे मिळाली पीयूष गोयल यांना. तेही सनदी लेखापालच!