लॅब्राडूडलची जन्मकथा

क्रॉस कुत्रं जास्त जगतं, असं आपण नेहमी ऐकतो ना? लॅब्राडूडलचंच घ्या. १९८०च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियात वॅली कॉनरन अंधांना वाट दाखवणारी कुत्री तयार करायचे. हवाईतल्या एका अंध बाईंना कुत्रा हवा होता, पण नवऱ्याला ॲलर्जी. ३३ पूडल बघून झाले, एकही कामाला बसेना. मग पूडल आणि लॅब्राडोरचा संकर! पिल्लं झाली तीन, नवऱ्याला चाललं त्यातलं एकच, सुलतान. 'क्रॉस' पिल्लं सांभाळायला कोणी तयार होईना, म्हणून हे नवं नाव... आणि रांगा लागल्या (शुद्ध मार्केटिंग!). २०१९ मध्ये कॉनरन स्वतःच म्हणाले, पस्तावलो. आणि आयुष्य? २०२४च्या ब्रिटिश अभ्यासात शुद्ध जातींचं मध्यक वय १२.७ वर्षं निघालं, संकरितांचं १२.