पद्मिनी मोटार : सेल्फ फिरतो, इंजिन सुरू होत नाही

प्रीमियर पद्मिनी या मोटारीत सेल्फ मारल्यावर तो नेहमीच्या वेगाने फिरतो, पण इंजिन पकडत नाही, अशी बिघाडावस्था. सेल्फच रखडत असेल किंवा नुसता ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर दोष बॅटरी, तिच्या तारा किंवा खुद्द सेल्फ यांत असतो. तो या नोंदीत घेतलेला नाही.

वाहन : मूळ इटालियन फियाट 1100 घराण्यातील ही गाडी. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला कारखान्यात ती 1964 पासून फियाट 1100 डिलाइट म्हणून बनू लागली आणि 1970 नंतरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. चार सिलिंडर, 68 मि.मी. व्यास, 75 मि.मी. धाव, क्षमता 1,089 घ.सेंमी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत ती ऑक्टोबर 2023 पर्यंत होती. कार्बोरेटर, पॉइंट आणि यांत्रिक पेट्रोलपंप या तिन्ही गोष्टी डोळ्यांनी दिसतात आणि हाताने उघडता येतात, त्यामुळे हा बिघाड समजून घ्यायला पद्मिनी सोयीची आहे.

तपासणीचा क्रम : आधी ठिणगी, मग पेट्रोल, शेवटी टायमिंग आणि कॉम्प्रेशन. ठिणगी पाहायला एखादे मिनिट पुरते, कार्बोरेटर उघडायला अर्धा तास लागतो. क्रम असा असण्याचे कारण एवढेच. तो मोडून पहिल्यांदा कार्बोरेटर खोलला, तर मूळ दोष तसाच राहतो आणि जेट व तरंडीची मांडणी हलून त्यात नव्याची भर पडते. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये विश्रांती दिली नाही तर सेल्फ तापतो आणि बॅटरी उतरते. बॅटरी उतरल्यावर मूळ दोष सापडला तरी गाडी सुरू होत नाही.

ठिणगी : पद्मिनीची प्रज्वलनव्यवस्था बॅटरी, कॉइल आणि पॉइंट या जुन्या पद्धतीची आहे. ही पद्धत अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग याने 1910 च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांसाठी रूढ केली. त्याच्या डेटन एंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीच्या आद्याक्षरांवरून ‘डेल्को’ हे नाव तयार झाले आणि आपल्याकडच्या गॅरेजांत वितरकाला, मग तो कोणत्याही कंपनीचा असो, आजही डेल्कोच म्हणतात.

पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून 12 व्होल्टचा प्रवाह वाहतो. डेल्कोच्या दांड्यावरील कॅमचा उंचवटा पॉइंट उघडतो, त्या क्षणी प्रवाह तुटतो, कॉइलमधील चुंबकक्षेत्र कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात दहा हजार व्होल्टच्या वर दाब तयार होतो. रोटर तो कॅपच्या मधल्या कार्बनमधून घेऊन 1-3-4-2 या क्रमाने प्लगांना वाटतो. सारे काही या एका उघडझापीवर अवलंबून आहे, आणि पॉइंटमधील फट जेमतेम 0.4 ते 0.5 मि.मी. असते.

कॅमवर घासणारी पॉइंटची फायबरची टाच झिजते, तशी ही फट वाढत नाही, उलट कमी होत जाते. फट कमी झाली की ठिणगी उशिरा पडते आणि गाडी ओढ धरत नाही. चालकाला वाटते इंजिन म्हातारे झाले. एके दिवशी पॉइंट उघडायचेच थांबतात आणि काल रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी सुरू होत नाही. टाचेवर आणि कॅमवर ग्रीसचे बोट न लावणे हे त्याचे नेहमीचे कारण. ग्रीस जास्त झाले तर ते उडून पॉइंटच्या तोंडावर जाते आणि संपर्कच तुटतो. म्हणून ते बोटभर नको, बोटाच्या टोकाएवढे हवे.

तपासणी एकट्याला जमते. कॅप आणि रोटर काढून पॉइंट मिटलेल्या स्थितीत येईपर्यंत इंजिन फिरवावे. चावी चालू ठेवून, कॉइलमधून कॅपच्या मधोमध येणारी जाड वायर रबरी मुठीच्या पक्कडीने इंजिनाच्या ब्लॉकपासून 5-6 मि.मी. अंतरावर धरावी आणि मूठ सुकी असलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने पॉइंट अलगद उघडावे. निळी, चटकन वाजणारी ठिणगी उडाली तर कॉइलपर्यंतचा मार्ग ठीक आहे आणि दोष पुढे रोटर, कॅप, वायरी किंवा प्लगमध्ये शोधावा. ठिणगी पिवळसर व बारीक असेल आणि पॉइंटवरच मोठा चटका दिसत असेल तर पॉइंटला जोडलेला कंडेन्सर गेला. ठिणगी मुळीच नसेल तर आधी कॉइलपर्यंत करंट येतो का हे बल्ब लावून पाहावे. सारे करताना जवळ सांडलेले पेट्रोल नसावे. पॉइंट मिटलेले असताना चावी विनाकारण चालू राहिली तर कॉइल तापून जळू शकते, हे विसरले जाते.

काळे पडलेले पॉइंट पॉलिश पेपरने घासावेत की नाही, याबाबत कारागिरांत मतभेद आहेत. घासून गाडी लगेच सुरू होते खरी, पण पेपरचे कण तोंडावर राहिले तर संपर्क पुन्हा बिघडतो. बारीक कानस आणि नंतर पेट्रोलचा फडका हा मार्ग अधिक सुरक्षित. एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेंगूळ दिसत असेल तर पॉइंटबरोबर कंडेन्सरही बदलावा.

पावसाळ्यात दोष बहुधा कॅपमध्ये असतो. साचलेल्या पाण्यातून गाडी नेली की पंखा ते पाणी इंजिनावर उडवतो. कॅपच्या आत ओल धरते आणि करंट प्लगकडे न जाता आतल्या भिंतीवरून सरकतो. कॅप काढून आतून-बाहेरून सुक्या कपड्याने पुसल्यावर बऱ्याच गाड्या तिथेच सुरू होतात. आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर पुसून उपयोग नाही, कॅप बदलावी लागते. अशी कॅप कोरड्या दिवशी चालते आणि पहिल्या सरीला दगा देते.

दुरुस्तीनंतर लगेच गाडी सुरू होईनाशी झाली आणि कार्बोरेटरमधून फटाके वाजू लागले, तर प्लगच्या वायरी उलटसुलट लागल्या आहेत का ते आधी पाहावे. प्लगची फट सुमारे 0.6 मि.मी. ठेवतात.

थोडी उतरलेली बॅटरी हा फसवा दोष आहे. सेल्फ फिरतो, पण तो इतका करंट ओढतो की कॉइलसाठी पुरेसा दाब उरत नाही. अशा गाडीला धक्का मारला की ती सुरू होते, कारण तेव्हा बॅटरीला फक्त कॉइललाच करंट पुरवायचा असतो. बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नसेल, तर धक्का मारण्यात माणसे दमवण्यापलीकडे काही साधत नाही.

पेट्रोल : टाकी मागे, पंप पुढे इंजिनाला जोडलेला, कॅमशाफ्टच्या धक्क्याने त्याचा पडदा वरखाली होतो. कार्बोरेटरकडची नळी सोडून बाटलीत धरावी, कॉइलची वायर काढावी आणि सेल्फ मारावा. पेट्रोल ठराविक ठेक्यात पडले पाहिजे. पडत नसेल तर टाकीतला कचरा, चिरलेली नळी किंवा फाटलेला पडदा. पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि प्लग ओले निघत असतील तर गाडी ओव्हर झाली आहे, म्हणजे इंजिनात जादा पेट्रोल गेले आहे. अशा वेळी चोक आत ढकलावा, अ‍ॅक्सिलरेटर एकदाच पूर्ण दाबून तसाच धरावा आणि सेल्फ मारावा. अ‍ॅक्सिलरेटर वारंवार दाबला तर आणखी पेट्रोल आत जाते.

मे महिन्यात घाट चढून थांबलेली गाडी पुन्हा सुरू न होणे हा अनेकांच्या परिचयाचा प्रकार. नळीतील पेट्रोलची वाफ होऊन पंप ती ढकलू शकत नाही, असे सहसा सांगितले जाते आणि पंपावर ओला फडका ठेवतात. काही कारागिरांच्या मते बऱ्याचदा दोष तापल्यावर मंद पडणाऱ्या कॉइलचा असतो आणि फडक्याचे श्रेय मधल्या अर्ध्या तासाला जाते. दोन्ही शक्य आहे. गाडी गरम असतानाच ठिणगी पाहिली तर वाद उरत नाही.

सीएनजी : टॅक्सींत बसवलेल्या किटमध्ये पेट्रोल, सीएनजी आणि मधली अशा तीन जागांचे बटण असते. मधल्या जागी दोन्ही इंधने बंद असतात. बटण तिथे राहून गेले तर सेल्फ फिरत राहतो. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते, म्हणून पेट्रोलवर चालून जाणारे झिजलेले प्लग सीएनजीवर उघडे पडतात.

टायमिंग : डेल्कोची क्लॅम्प ढिली होऊन तो फिरला, तर ठिणगी चुकीच्या वेळी पडते.

कॉम्प्रेशन : हा दोष क्वचित आढळतो. सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि एकसुरी फिरतो.

डिझेल : 137डी या नावाच्या गाडीला ठिणगी नसते, ग्लो प्लग आणि इंधनमार्गात शिरलेली हवा पाहावी.