लघुउपग्रहांची हाक ऐकणारे भूकेंद्रांचे जाळे

उपग्रह कक्षेत पोहोचला की मोहीम फत्ते झाली, असा सर्वसाधारण समज असतो. लघुउपग्रह बनविणाऱ्या विद्यार्थ्यांची खरी कसोटी मात्र तेथून पुढे सुरू होते. उपग्रहाने पाठविलेला संदेश जमिनीवर कोणी टिपलाच नाही, तर अनेक वर्षांची मेहनत वाया जाते. त्यावर उपाय म्हणून जगभरातील छोटी भूकेंद्रे इंटरनेटद्वारे जोडण्याची कल्पना पुढे आली.

अडचण कोठे?

सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरील उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने फिरतो आणि साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करतो. एका केंद्राच्या क्षितिजावर तो एका फेरीत जेमतेम दहा मिनिटे असतो. अशा फेऱ्याही दिवसाकाठी मोजक्याच मिळत असल्याने उरलेला बहुतांश वेळ संपर्काविना जातो.

मोठ्या संस्थांची केंद्रे दूरदूर विखुरलेली असतात. 'इस्रो'च्या बंगळुरूस्थित 'इस्ट्रॅक'ची केंद्रे लखनऊपासून मॉरिशसपर्यंत आहेत. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील केंद्राला तर ध्रुवीय कक्षेतील उपग्रह प्रत्येक फेरीत दिसतो. महाविद्यालयांना हा खर्च झेपणारा नाही. अमेरिकेतील दोन विद्यापीठांच्या प्राध्यापकांनी १९९९ मध्ये दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाकृती 'क्यूबसॅट'चा आराखडा मांडला. उपग्रह त्यामुळे स्वस्त झाले; संपर्काचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

जाळ्याचे काम

युरोपीय अवकाश संस्थेच्या पुढाकाराने 'जेन्सो' या प्रकल्पात विद्यापीठांची केंद्रे जोडण्याचा प्रयत्न झाला. पुढे अथेन्समधील तंत्रप्रेमींनी 'सॅटनॉग्स' हे खुले जाळे उभारले. त्याला २०१४ मध्ये 'हॅकाडे' पारितोषिक मिळाले. साधा अँटेना, संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ आणि 'रास्पबेरी पाय'सारखा छोटा संगणक एवढ्यावर यातील केंद्र उभे राहते. कोणता उपग्रह कोणत्या केंद्रावरून केव्हा जाईल, याचे वेळापत्रक इंटरनेटवरून ठरते. उपग्रहाच्या वेगामुळे ४३७ मेगाहर्ट्झच्या संदेशाची कंप्रता सुमारे दहा किलोहर्ट्झने वरखाली होते. ती दुरुस्ती संगणक आपोआप करतो. टिपलेली माहिती सर्वांना खुली असते.

महाराष्ट्राचा अनुभव

पुण्याच्या 'सीओईपी'चा एक किलो वजनाचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी, तर आयआयटी मुंबईचा सुमारे दहा किलोचा 'प्रथम' २६ सप्टेंबर २०१६ रोजी अवकाशात झेपावला. आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची मोजणी हे 'प्रथम'चे उद्दिष्ट होते. एक केंद्र केवळ आपल्या माथ्यावरील पट्ट्याचीच माहिती देऊ शकते. त्यामुळे अन्य महाविद्यालयांतील भूकेंद्रांनाही या प्रकल्पात सामावून घेण्यात आले.

पहिले दिवस मोलाचे

एकाच अग्निबाणातून अनेक उपग्रह सुटले, की त्यांतील आपला कोणता हेच सुरुवातीला उमगत नाही. 'पीएसएलव्ही-सी३७'ने १५ फेब्रुवारी २०१७ रोजी तब्बल १०४ उपग्रह सोडले होते. अशा वेळी दूरच्या देशातील एखाद्या केंद्राने टिपलेला पहिला संदेश निर्णायक ठरतो. बॅटरी उतरत असल्याचे वेळीच कळले, तर उपाय करता येतो.

या जाळ्यालाही मर्यादा आहेत. यातील बहुतेक केंद्रे संदेश केवळ ऐकतात. उपग्रहाला आज्ञा देण्यासाठी प्रक्षेपक यंत्रणा आणि शासकीय परवाना लागतो. ही जबाबदारी अखेर उपग्रहाच्या मालक संस्थेलाच पेलावी लागते. तरीही, गच्चीवरच्या एका अँटेनावर भिस्त असलेल्या विद्यार्थ्यांसाठी हे जाळे मोठाच आधार ठरले आहे.