मुंबईच्या कलाशाळेतील मानवाकृती-रेखनाचे शिक्षण : प्लास्टरच्या पुतळ्यापासून जिवंत देहापर्यंत

भारतातील आधुनिक कलाशिक्षणाचा इतिहास बहुधा चित्रकारांच्या नामावळीतून किंवा शैलींच्या वादांतून मांडला जातो. विद्यार्थी मानवाकृती कोणत्या क्रमाने काढावयास शिकत होता, हा प्रश्न त्यामानाने दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात सर ज. जी. कलाशाळेच्या संदर्भात या क्रमाचा विचार केला आहे. हा क्रम केवळ तंत्राचा नव्हता. कोणता देह प्रमाण मानावयाचा, याचा निर्णयही त्यात अंतर्भूत होता.

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये ही शाळा सुरू झाली. तिच्या अभ्यासक्रमावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीची छाप होती. आरंभी छापील नमुन्यांवरून रेषा व अलंकरण, पुढे घनाकृती आणि त्यानंतर ग्रीक-रोमन शिल्पांच्या प्लास्टर प्रतिकृती, असा हा प्रवास असे. प्रतिकृती निवडण्यामागे कारण होते. पुतळा हलत नाही आणि पांढरा असल्याने छायाप्रकाशाच्या पायऱ्या त्यावर स्वच्छ दिसतात. विद्यार्थ्याने हात ताठ धरून पेन्सिलीने मस्तकाची उंची मोजावयाची, तेच एकक मानून धड व पाय किती मस्तकांचे आहेत ते ठरवावयाचे. ओळंबा धरून मानेची खळगी भार पेलणाऱ्या पायाच्या घोट्यावर येते की नाही ते पाहावयाचे. बाह्याकृती प्रथम सरळ तुकड्यांत बांधावयाची, वळणे मागाहून. छटा सर्वांत शेवटी. पद्धत शिस्तीची होती, यात शंका नाही. मात्र साडेसात ते आठ मस्तकांचा ग्रीक मल्ल हाच विद्यार्थ्याच्या हाताला प्रथम परिचित झालेला देह होता. भोवतीच्या माणसांकडे तो त्या मापाची पट्टी घेऊनच वळे.

याच शाळेच्या विद्यार्थ्यांना जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करावयास नेले. १८८५ पर्यंत अधूनमधून चाललेल्या या कामात शिष्यांच्या हाताखालून अगदी निराळी रेषा गेली. तेथे घनत्व छटेने नव्हे, बाह्यरेषेच्या वळणाने सिद्ध होते. सोळाव्या लेण्यातील मरणोन्मुख राजकन्येच्या भावदर्शनाची ग्रिफिथ्स यांनी मुक्तकंठाने स्तुती केली. परंतु तेथेही रेखनासाठी त्यांनी पुढे केलेला मानदंड फ्लॉरेन्सचाच होता. गुणग्राहकतेची ही मर्यादा बोलकी आहे.

तरीही प्लास्टरच्या शिस्तीने केवळ अनुकरणच निपजले, असे म्हणता येत नाही. गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ मध्ये विद्यार्थिदशेतच 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प घडविले. त्यातील वस्त्राच्या चुण्यांमागे ग्रीक शिल्पांचा अभ्यास दिसतो, पण देवळाकडे निघालेली ती स्त्री मराठी आहे. १८९० मध्ये शाळेत आलेले म. वि. धुरंधर यांच्या नऊवारीतील स्त्रियांविषयीही हेच म्हणावे लागेल.

विवस्त्र मॉडेलवरून रीतसर अभ्यासाचा वर्ग मात्र ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या पुढाकाराने १९१९ मध्ये सुरू झाला. म्हणजे शाळा स्थापन झाल्यानंतर बासष्ट वर्षांनी. पुढच्याच वर्षी त्यांनी भित्तिचित्रांचा वर्ग काढला. तोवर कलकत्त्यात हॅवेल आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांनी या पाश्चात्त्य शिस्तीविरुद्ध भूमिका घेतली होती. भारतीय कलेतील शरीररचनेवरील अवनींद्रनाथांचे टिपण १९१४ मध्ये प्रसिद्ध झाले. डोळ्याला मत्स्य, मांडीला केळीचा खांब अशा उपमांतून ते देहरचना समजावितात. हा वाद मोजमाप विरुद्ध मुक्त कल्पना असा रंगविला जातो. तो तसा नव्हता. १९१२ मध्ये मुंबईच्याच वेंकटेश्वर छापखान्यातून विष्णुधर्मोत्तर पुराण प्रसिद्ध झाले होते. त्यातील चित्रसूत्रात पुरुषाचे हंस, भद्र, मालव्य, रुचक व शशक हे पाच प्रकार असून त्यांची उंची अनुक्रमे १०८, १०६, १०४, १०० व ९० अंगुले सांगितली आहे. संघर्ष दोन मापांचा होता. एक माप डोळ्यासमोरील व्यक्तीवरून काढलेले, तर दुसरे आधी ठरवून आकृतीला दिलेले.

सॉलोमन यांना दोहोंचा मेळ हवा होता. जिवंत देहावरून घनत्व आणि अजिंठ्यावरून रेषा घ्यावी, असा त्यांचा आग्रह दिसतो. नवी दिल्लीच्या सचिवालयातील उत्तर खंडात मुंबईच्या विद्यार्थ्यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस रंगविलेली भित्तिचित्रे या प्रयत्नाची सर्वांत मोठी कसोटी होत. त्यांतील आकृतींभोवतीची रेषा भारतीय परंपरेची आठवण देते. आतील हाडामांसाची बांधणी मात्र लाइफ क्लासमधली आहे आणि ही सांधेजोड पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.