एलट्रेस

लिनक्स प्रणालीवरील आज्ञावलीतील दोष शोधण्याचे एक साधन. हुआन सेस्पेदेस यांनी १९९७ च्या सुमारास ते तयार केले. जीपीएल परवान्यामुळे ते सर्वांना मुक्तपणे वापरता येते.

कोणतीही आज्ञावली सारी कामे स्वतः करीत नाही. मजकुराची तुलना, स्मृतीत जागा मागणे अशी नित्याची कामे ती सामायिक लायब्ररीतील तयार फंक्शनांकडे सोपवते. ही बोलावणी सहसा आज्ञावलीतील एका ठरावीक तक्त्यातून जातात. एलट्रेस कर्नलच्या ‘पीट्रेस’ सुविधेच्या आधारे त्या तक्त्यातच थांबे पेरते. प्रत्येक थांब्यावर फंक्शनचे नाव, त्याला दिलेली मूल्ये आणि मिळालेले उत्तर पडद्यावर उमटते व आज्ञावली पुढे चालू लागते. मूळ सोर्स कोड हाती नसला तरी चालते, हीच त्याची खरी थोरवी.

एखाद्या आज्ञावलीने टंकलेला पासवर्ड आत दडवलेल्या पासवर्डशी ‘स्ट्रकम्प’ फंक्शनने ताडून पाहिला, तर दोन्ही शब्द शेजारीशेजारी उघडे पडतात. असा पासवर्ड दडवणे म्हणजे कुलपालाच किल्ली बांधून ठेवणे होय. ‘मॅलॉक’ने घेतलेली स्मृती ‘फ्री’ने परत केली की नाही, हेही याच नोंदींतून ताडता येते.

‘एसट्रेस’ हे भावंड कर्नलकडील बोलावणी दाखवते. ‘-एस’ (मोठ्या लिपीतील) हा पर्याय दिल्यास एलट्रेसही ती दाखवते. मात्र लायब्ररी आतच जोडून घेतलेल्या आज्ञावलीत हा तक्ता उपयोगी पडत नाही. नव्या पद्धतीने बांधलेल्या काही आज्ञावल्याही त्याला बगल देतात. अशा वेळी पडदा कोरा राहतो; पण बोलावणी झालीच नाहीत, असा त्याचा अर्थ नसतो.