बीटीच्या पाकिटातला जिवाणू

आमच्या यवतमाळकडे कृषी केंद्रात जाऊन "बीटी द्या" म्हटलं की कपाशीचं पाकीट हातात येतं. पण बीटी म्हणजे काय, हे मी शोधलं ते थेट बीटेक झाल्यावर. ते एका जिवाणूचं नाव आहे, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. आज त्याचा इतिहास.

सुरुवात जिवाणूंच्या ओळखपरेडपासून. १८८४, बर्लिन. हान्स ख्रिश्चन ग्राम हा डॅनिश डॉक्टर न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुफ्फुसातले जिवाणू नीट दिसावेत म्हणून धडपडत होता. त्याने जांभळा रंग दिला, आयोडीन टाकलं, अल्कोहोलने धुतलं. काही जिवाणू जांभळेच राहिले, काहींचा रंग निघून गेला. पहिले ग्राम पॉझिटिव्ह, दुसरे ग्राम निगेटिव्ह. हे ग्राम म्हणजे गाव नाही बरं का, आडनाव आहे!

असं का होतं? उत्तर पेशीच्या भिंतीत आहे. ही भिंत पेप्टिडोग्लायकनची, म्हणजे साखरेच्या साखळ्या अमिनो आम्लांच्या तुकड्यांनी बांधून केलेली जाळी. पॉझिटिव्हमध्ये ती थरावर थर, जाड. अल्कोहोलने आवळते आणि रंग आत अडकतो. निगेटिव्हमध्ये जाळी पातळ, वर चरबीचा पडदा. अल्कोहोलने पडदा फाटतो, रंग वाहून जातो. त्यावर दुसरा रंग दिला की ते गुलाबी दिसतात.

आपला बीटी ग्राम पॉझिटिव्ह, आकाराने काठीसारखा. १९०१ मध्ये जपानच्या इशिवाता यांना तो आजारी रेशीमकिड्यांत सापडला. १९११ मध्ये जर्मनीच्या थुरिंजिया भागात बर्लिनर यांना तो पिठातल्या अळीत मिळाला, म्हणून हे नाव. उपासमार झाली की तो बीजाणू बनवतो आणि सोबत प्रथिनाचा स्फटिकही. अळीच्या पोटात स्फटिक विरघळतो, आतड्याला भोकं पडतात, अळी मरते.

त्याच कुळात जनावरांच्या फाशी रोगाचा जिवाणूही आहे. भिंत तशीच, रंग तोच, काम वेगळं. म्हणजे रंग कूळ सांगतो, स्वभाव नाही.

या स्फटिकाचा जीन कपाशीत नेला कुणी? अॅग्रोबॅक्टेरियमने. तो मातीतला ग्राम निगेटिव्ह जिवाणू, स्वतःचा डीएनए झाडात घुसवणारा. आमच्या भाषेत, तयार कॉपी-पेस्ट टूल! थोडक्यात, पहिल्या बीटी सरकीमागे जांभळा आणि गुलाबी, दोघांची मेहनत होती.

२००२ मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन जीनवाली आली. तरी २०१७ पर्यंत गुलाबी बोंडअळी आपल्या जिल्ह्यात बोंडं पोखरत होती. अळी सरावली होती.

पाकिटासोबत १२० ग्रॅमची नॉन-बीटी पुडी यायची, आठवतं? ती शेताच्या कडेने लावायची होती. तिथे जगलेल्या साध्या अळ्यांच्या पतंगांनी सरावलेल्या अळ्यांच्या पतंगांशी संकर करावा आणि प्रतिकार लांबावा, हा हिशेब. आमच्या घरी ती पुडी कोपऱ्यात पडून राहायची. "तिला अळी लागते, कशाला लावायची?" असं बाबा म्हणायचे. चूक त्यांची नव्हती. अळी लागावी म्हणूनच ती पुडी आहे, हे त्यांना कुणी समजावूनच सांगितलं नव्हतं.

या हंगामात पाकीट फोडाल तेव्हा घरच्यांना एवढं नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!