हरणांचा हिशोब कोण ठेवतो?

एपिसोडचा हा लिखित मजकूर. ज्यांना एसटीत इअरफोन सापडत नाहीत, त्यांच्यासाठी खास.

आजचा विषय हरणं. नांदेड-लातूरकडच्या मंडळींना हा विषय इतिहासाचा कमी आणि रात्रीच्या जागलीचा जास्त वाटेल. पण आजचं भांडण समजायचं तर मागचं माहीत पाहिजे. म्हणून थोडं लांबून येऊ. एकदम टेक्सासवरून.

टेक्सासमध्ये थंडीच्या दिवसांत हरणांच्या शिकारीचा सीझन असतो. सीझन संपला की शिकारी आकडे काढून बसतात. कुणाला किती नर मिळाले, शिंगं केवढी, वजन किती, माद्या किती. मग वाद सुरू होतो. एक म्हणतो, कळप वाढलाय, चारा पुरत नाही, माद्या जास्त मारा. दुसरा म्हणतो, कोवळे नर सोडा, तीन-चार वर्षं वाढू द्या. सरकारही शिकाऱ्यांकडून हे आकडे घेतं आणि मर्यादा ठरवताना वापरतं. १९०० च्या आसपास अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं पाच लाखांच्या घरात उरली होती, असा अंदाज आहे. आज ती तीन कोटींच्या आसपास आहेत. १९३७ च्या एका कायद्याने तिथे बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाकडे वळवला.

आता गंमत बघा. त्याच टेक्सासमध्ये आपला काळवीटही आहे. १९३२ साली तो तिथल्या रँचवर सोडला आणि तिथे चांगलाच रुजला. परदेशी प्राणी असल्यामुळे त्याच्या शिकारीला सीझन नाही, मर्यादा नाही. आपल्याकडे ज्याच्यामुळे जोधपूरची ती १९९८ ची केस इतकी वर्षं गाजली, तोच प्राणी तिथे बारा महिने पैसे देऊन मारता येतो. पाकिस्तानात काळवीट संपला तेव्हा लाल सुहांराच्या उद्यानात परत आणायला जनावरं टेक्सासमधूनच आली.

एक खुलासा करतो, नाहीतर जाणकार लोक लगेच पकडतील. काळवीट हे शास्त्राच्या भाषेत हरिण नाही, तो कुरंग. त्याची शिंगं गळून नवीन येत नाहीत. पण आपल्या शिवारात त्याला हरिणच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणणार.

अहमदपूरकडची टपरी

मी मूळचा नांदेडचा, आजोळ अहमदपूरकडचं. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी तिथल्या चहाच्या टपरीवर टेक्साससारखेच आकडे निघतात. फक्त उलटे. कुणी किती हरणं मारली याचे नाही, हरणांनी कुणाचं किती खाल्लं याचे.

"औंदा तुझं किती गेलं?"

"खालच्या रानातलं दीड एकर. साठ-सत्तरचा कळप व्हता."

"साठ कुठले? शंभराच्या वर हायती."

मग वाद. एक म्हणतो तारेचं कुंपण, दुसरा म्हणतो झटका मशीन, तिसरा म्हणतो सरकारनं आपली हरणं उचलून न्यावीत. कोवळं सोयाबीन एकदा शेंड्यापासून खाल्लं की दुबार पेरणीशिवाय इलाज नसतो, आणि बियाण्याची बॅग काही फुकट येत नाही. या सगळ्यात मामांनी मला विचारलं, "तू कंप्युटरवाला ना बाळा? मग सांग बरं, आपल्या तालुक्यात हरणं हायती किती?"

साधा प्रश्न आहे. नोकरीत आम्हाला रोज तोच विचारतात: आधी आकडा दाखवा, मग बोला. मी हरणांच्या आकड्यांचा इतिहास शोधायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की आपल्याकडे हा हिशोब ठेवणारे लोक वेळोवेळी बदलत गेले. शेतकऱ्याच्या हातात ती वही फारशी कधी आलीच नाही.

राजाची वही

लातूर जिल्ह्याला लागून बीदर जिल्हा आहे. तिथलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. राजाने काय खावं, कसं राज्य करावं, कसं मन रमवावं, असं सगळं त्यात आहे. शिकारीवरही भलं मोठं प्रकरण आहे आणि चित्ता सोडून हरणं पकडण्याचा उल्लेखही आहे. म्हणजे आपल्या या माळरानावर हरिण हा नऊशे वर्षांपूर्वीही दरबारचा विषय होता.

पुढे निजाम आले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि आजचा लातूर हैदराबाद संस्थानात होते. तेव्हा लातूर हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, तो १९८२ साली उस्मानाबादमधून वेगळा झाला. संस्थानी राजवटीत शिकार हा पाहुणचाराचा भाग होता. १८९३ साली ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड हैदराबादला आला आणि निजामाच्या मुलखात शिकार करून गेला. हो, तोच. १९१४ साली ज्याच्या खुनानंतर पहिलं महायुद्ध पेटलं. या माणसाने आयुष्यभर आपल्या शिकारीची नोंद ठेवली होती आणि तो आकडा दोन लाख सत्तर हजारांच्या पुढे जातो. हिशोब चोख होता, पण तो मारणाऱ्याच्या कौतुकाचा. मागे किती उरले, हा रकाना त्या वहीत नव्हता.

पारध्याचा नियम

दुसरा हिशोब लिहिलेला नव्हता. तो फासेपारध्यांचा. बंदूक नाही, घोडा नाही. शिकवलेल्या जनावराच्या आडून कळपाजवळ सरकायचं आणि फासे लावायचे. महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८० च्या दशकात मांडला. त्यांना दिसलं, की एकाच मुलखात फिरणाऱ्या जमातींनी प्राणी जणू वाटून घेतले होते. फासेपारधी हरणं आणि पक्षी धरायचे. वैदू छोटे मांसाहारी प्राणी पकडायचे. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जायचे. शिवाय पारध्यांमध्ये एक रीत होती. फाश्यात गाभण मादी किंवा पाडस सापडलं तर सोडून द्यायचं. टेक्सासचे शिकारी ज्यावर आज वाद घालतात, तेच हे. कळपातलं काय घ्यायचं आणि काय ठेवायचं.

याच पारध्यांवर इंग्रजांनी गुन्हेगार जमात असा शिक्का मारला. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा, तो देशभरातून गेला १९५२ साली. पण शिक्का पुसला गेला का, हे कुठल्याही पारधी तांड्यावर जाऊन विचारा.

जीप आणि बंदूक

स्वातंत्र्यानंतर माळावर जीप आली, रात्रीचा झगझगीत लाइट आला आणि पीकसंरक्षणाच्या नावाने बंदुकीचे परवाने आले. काळवीट मोकळ्या रानातला प्राणी. वेग हे त्याचं एकमेव हत्यार आणि जीपपुढे ते चालत नाही. माळ नांगराखाली गेले ते वेगळंच. एका जुन्या अंदाजानुसार कधीकाळी देशात चाळीस लाख काळविटं होती, १९४७ मध्ये ऐंशी हजार उरली आणि १९६४ मध्ये फक्त आठ हजार. अंदाज ढोबळ आहेत, पण घसरण कुठल्या दिशेने आणि किती जोरात झाली ते स्पष्ट दिसतं. चित्ता तर संपलाच. १९५२ साली तसं जाहीर झालं.

मग आलं १९७२. मराठवाड्यात बहात्तर म्हटलं की दुष्काळ आठवतो: सुकडी, खडी फोडणं, गुरं सोडून देणं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आता जे सांगतो ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. या कायद्याने शिकार एका दिवसात सरसकट बंद केली नव्हती. काळविटाला पहिल्या परिशिष्टात टाकून पूर्ण संरक्षण दिलं, पण चितळ, सांबर, रोही अशा प्राण्यांसाठी शिकारीचे परवाने ठेवले होते. कलम १० म्हणत होतं, परवानाधारकाने मारलेल्या प्राण्यांची नोंद ठेवावी. कलम १६ म्हणत होतं, पिल्लं आणि माद्या खास परवानगीशिवाय मारू नयेत. म्हणजे पारधी जे रीत म्हणून पाळत होता, तेच सरकारने कलम म्हणून लिहिलं. फक्त परवाना त्याच्या हातात येणं अवघड होतं.

१९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने गेले. शिकार बंद, अपवाद फक्त ठरावीक. आणि शिकारीसोबत नोंदवहीचं ते कलमही गेलं.

जिंकलो, पण पुढे काय?

मी स्पष्ट सांगतो, बंदीमुळे काळवीट वाचला. नगर जिल्ह्यात रेहेकुरीचं अभयारण्य १९८० साली झालं. ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. त्याच्या आदल्या वर्षी माळढोकसाठी सोलापूरकडे नान्नजचं अभयारण्य झालं होतं. माळढोक तिथे टिकला नाही म्हटलं तरी चालेल, पण काळवीट वाढले. आज लातूर-नांदेडच्या शिवारात कळप दिसतो, ही त्या कायद्याची कमाई आहे. ती घालवायची नाही.

पण सिस्टीमच्या भाषेत सांगायचं तर आपण जुनं मॉड्युल डिलीट केलं आणि त्या जागी नवीन लिहिलंच नाही. आता हिशोब होतो तो नुकसानीचा. पीक खाल्लं की शेतकरी वनखात्याकडे अर्ज करतो, पंचनामा होतो, भरपाई येते, उशिरा आणि थोडी. पंचनाम्यात खाल्लेलं क्षेत्र मोजतात, खाणारा कळप मोजत नाहीत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधून प्राणी मोजतात, पण ते अभयारण्यात. सोयाबीनच्या रानात माणूस रात्रभर बसतो तो राखायला, मोजायला नाही.

आकडा नसला की निर्णय दोन टोकांना जातात. बिहारमध्ये २०१५ च्या शेवटी केंद्राने काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर 'उपद्रवी' जाहीर केले. २०१६ च्या जूनमध्ये मोकाम्यात हैदराबादहून आलेल्या नेमबाजांनी दोनशेच्या वर रोही मारले. त्यावरून मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर हे एकाच सरकारातले दोन मंत्री जाहीरपणे भिडले. एकाला कत्तल दिसली, दुसऱ्याला राज्यांनी मागितलेली मदत. वर्ष संपलं, अधिसूचना संपली, रोही पुन्हा रानात. आपल्याकडे २०१५ साली महाराष्ट्र सरकारने रोही आणि रानडुकराच्या बाबतीत अटींवर परवानगी द्यायची पद्धत आखली. काळविटाला ती लागू नाही.

दुसरी वाट मध्य प्रदेशने २०२५ च्या शेवटी दाखवली. शाजापूरकडच्या शेतांतून हेलिकॉप्टरने कळप हळूहळू हाकत, कापडी भिंतींच्या नरसाळ्यासारख्या वाटेतून बंद वाड्यात नेले. या वाड्याला बोमा म्हणतात आणि हे तंत्र आफ्रिकेतलं. नऊशेच्या आसपास काळविटं आणि रोही पकडून दूरच्या अभयारण्यांत सोडले. गोळी नाही. शेतकऱ्याच्या रानातलं ओझंही कमी. खर्च मोठा, पण काय करायचं ते आधी ठरवून केलेलं काम.

मी टेक्सासचं मॉडेल इथे आणा म्हणत नाही. तिथे हजारो एकरांचा मालक एकटा असतो, कुंपणातला काळवीट त्याचा, शिकाऱ्याचा पैसाही त्याचा. आपल्याकडे प्राणी सरकारचा, रान शेतकऱ्याचं, नुकसानही शेतकऱ्याचं. आणि ज्या पारध्याला कळप बघून वय-लिंग सांगता येतं, तो कुठल्याच कागदावर नाही. गणनेच्या कामावर पहिला माणूस त्याच्यातला घेतला पाहिजे, रोजंदारीवर नव्हे, पगारावर. टेक्सासकडून घ्यायची गोष्ट एकच आहे: वाद घालण्याआधी सगळ्यांसमोर एकच आकडा असणं. तो नसला की लोकांचा धीर संपतो, आणि धीर संपला की कुंपणात थेट लाइट सोडली जाते. त्या तारेत हरिण मरतं, डुक्कर मरतं, आणि कधी अंधारात पाण्याची मोटर चालू करायला निघालेला शेजारीही मरतो.

तर एक काम सांगतो. या हंगामात तुमच्या शिवारात कळप दिसला तर गावाचं नाव, तारीख, पीक आणि अंदाजे किती जनावरं, एवढं व्हॉइस नोटवर पाठवा. शिंगवाले काळे नर किती तेही जमलं तर सांगा. जवळ जाऊ नका, मागे गाडी घालू नका. आलेले आकडे गावनिहाय मांडून मी पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवेन, आणि मामांनाही तोच तक्ता पाठवेन.

भेटू पुढच्या रविवारी.